मनाचा कल आणि मैदानाची वाट

व्यायामाचे महत्त्व न पटलेला महाविद्यालयीन विद्यार्थी शोधून सापडणे कठीण. नित्यनेमाने व्यायाम करणारा सापडणे त्याहूनही कठीण. या दोहोंतील अंतर कशाने मोजावयाचे, हा प्रश्न केवळ शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांचा नाही. प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. ही सवय जडते वा सुटते ती बहुधा तारुण्यातच.

मनोवृत्तीचे मापन शक्य आहे, असे प्रतिपादन थर्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये केले. १९३२ मध्ये लिकर्टने सहमतीपासून असहमतीपर्यंतच्या पायऱ्यांची सुटसुटीत पद्धत दिली. १९६८ मध्ये केन्यन याने शारीरिक हालचालींविषयीच्या वृत्तीचे सहा पैलू वेगळे केले: सहवास, आरोग्य, वेग व धोक्याचा थरार, सौंदर्यानुभव, मानसिक ताणाचा निचरा आणि खडतर साधना. या विभागणीचे मर्म महत्त्वाचे आहे. एखादी विद्यार्थिनी मैत्रिणींच्या संगतीसाठी मैदानावर येईल, पण स्पर्धेच्या कठोर सरावाला विटेल. दुसऱ्या एखाद्याचे नेमके उलट असेल. दोघांच्या गुणांची सरसकट बेरीज केली, तर दोघेही सारखेच ठरतील आणि दोघांचीही ओळख हरवेल.

तथापि, कागदावरील उत्तर म्हणजे आचरण नव्हे. ला पिएर या समाजशास्त्रज्ञाने एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत प्रवास केला. २५१ उपाहारगृहे व निवासस्थाने यांपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे पत्राने विचारणा करताच उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी पाहुणे स्वीकारणार नसल्याचे कळविले. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अनुभव प्रत्येक प्रश्नावलीकर्त्याने ध्यानात ठेवावा. तेथे शब्द कठोर आणि कृती सौम्य होती. व्यायामाच्या बाबतीत शब्द गोड आणि कृती शून्य असण्याचाच संभव अधिक. त्यातच उत्तरपत्रिकेवर नाव लिहावयाचे असेल आणि ती गुण देणाऱ्या अध्यापकाच्याच हाती जाणार असेल, तर गोड शब्दांना तोटा नाही.

अर्थशास्त्रात आवड आणि ऐपत यांची गल्लत केली जात नाही. येथेही ती होऊ नये. पहाटेची एसटी गाठून येणाऱ्या, सायंकाळी दुकानात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला एका तासाच्या खेळाची किंमत वसतिगृहातील विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी अधिक मोजावी लागते. कपडे बदलण्यास बंद खोली नसेल, तर मुलींची गैरहजेरी हा अनास्थेचा पुरावा ठरत नाही. अशा वेळी 'विद्यार्थी उदासीन आहेत' असा निष्कर्ष काढणे सोयीचे असते, कारण त्यानंतर व्यवस्थापनाला काहीच करावे लागत नाही.

म्हणून प्रश्नावली निनावी असावी, गुणांशी तिचा संबंध नसावा, आणि वृत्तीबरोबरच प्रत्यक्ष हालचालीची मिनिटे, मोकळा वेळ व उपलब्ध सुविधा यांचीही नोंद व्हावी. ज्या मैदानाचे फाटक दुपारीच बंद होते, तेथे प्रथम कुलूप उघडावे. विद्यार्थ्यांच्या उत्साहाचे मोजमाप त्यानंतर करावे.