जुन्या छापील पत्रकांचा संकेतस्थळावर उपयोग

कोणत्याही सहकारी संस्थेचें अगर मोठ्या बागायतदाराचें कपाट उघडून पाहिलें, तर त्यांत दरपत्रकें, प्रदर्शनांत वांटलेल्या पुस्तिका, गिऱ्हाइकांच्या पत्रांना दिलेलीं उत्तरें असा पुष्कळ मजकूर सांपडतो. तो एका हंगामापुरता वापरला जातो आणि पुढें कसर लागेपर्यंत पडून राहतो. उलटपक्षीं, नवीं गिऱ्हाइकें मिळावींत म्हणून जाहिरातींवर मात्र दरसाल नव्यानें खर्च होतो. जाहिरात ही वळवाची सर होय. पैसा थांबला कीं तीही थांबते. संकेतस्थळावर नीट मांडलेला उपयुक्त मजकूर हा विहिरीसारखा आहे. खणतांना श्रम पडतात, परंतु झरा लागल्यावर पाणी येत राहतें. ही विहीर घरच्याच सामग्रीनें कशी खणावी, याचा येथें विचार करूं.

माहिती देऊन गिऱ्हाईक जोडण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत मोलिन येथें नांगर तयार करणाऱ्या जॉन डिअर कंपनीनें १८९५ सालीं ‘द फरो’, म्हणजे ‘तास’, या नांवाचें नियतकालिक काढलें. त्यांत शेतीची माहिती असे. शेतकरी ती वाची, आणि वाचतां वाचतां नांगर बनविणाराही त्याच्या परिचयाचा होई. आज हेंच कार्य संकेतस्थळ करूं शकतें.

गूगलसारखें शोधयंत्र एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या आधारें जातें, तेथील अक्षरें वाचतें आणि ग्रंथाच्या शेवटीं असते तशी शब्दसूचि तयार ठेवतें. कोणीं प्रश्न विचारला कीं त्याचें उत्तर जेथें नीट मिळेल असें वाटतें, तें पान तें पुढें करतें. म्हणून आपल्या मालाची स्तुति लिहिण्यापेक्षां गिऱ्हाईक जें विचारतें त्याचें उत्तर लिहावें, हें मुख्य सूत्र होय.

उदाहरणार्थ, रत्नागिरीच्या एखाद्या संस्थेजवळ हापूसविषयीं आठ पानांची पुस्तिका आहे असें समजा. ती आहे तशी चढवूं नये. तिचे प्रश्नवार भाग पाडावे : ‘पेटींतील आंबा घरीं कसा पिकवावा?’, ‘पायरी व हापूस यांत फरक कोणता?’, ‘बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या फळांत साका कां निघतो?’, ‘हापूस म्हणून दुसराच आंबा तर मिळत नाहीं ना?’ प्रत्येक प्रश्नास एक पान द्यावें, आणि मथळा गिऱ्हाइकाच्याच शब्दांत असावा. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांत, २०१८ सालीं हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें व तें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतें आहे, ही भर घालावी. हीं पानें परस्परांस दुव्यांनीं जोडावीं व मागणी नोंदविण्याच्या पानाची वाट तेथूनच दाखवावी. प्रश्न दर हंगामांत तेच असतात. त्यामुळें एकदां केलेलें काम अनेक हंगाम उपयोगीं पडतें.

परंतु जुनें बियाणें पेरण्यापूर्वीं जसें पाखडतों, तसा जुना मजकूरही पाखडला पाहिजे. तुडतुड्यांवर एंडोसल्फान फवारावें अशी शिफारस एखाद्या जुन्या पत्रकांत असेल, तर ती काढलीच पाहिजे. कारण २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या औषधाचें उत्पादन, विक्री व वापर यांवर बंदी घातली. कॅल्शियम कार्बाइडनें फळें पिकविण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांची मनाई आहे. छापील कागद रद्दींत जातो, पण संकेतस्थळावरील चूक वर्षानुवर्षें नव्या नव्या वाचकांपुढें येत राहते. तींत शेतकऱ्याचें नुकसान आणि संस्थेची अब्रू दोन्ही गुंतलेलीं असतात. यास्तव प्रत्येक पान जाणत्या सभासदाकडून तपासून घ्यावें व तपासणीची तारीख खालीं द्यावी.

आणखी चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पत्रकाचें नुसतें छायाचित्र चढवूं नये, मजकूर अक्षरांत टंकून द्यावा. छायाचित्रांतील मजकूर यंत्रास नीट उमगेलच असें नाहीं, आणि फोनवर वाचणारासही तो जड जातो. तोच मजकूर दोन पत्त्यांवर ठेवूं नये. पान हलविल्यास जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्या पत्त्यावर पोहोंचेल अशी तजवीज करावी. लोक कोणते शब्द शोधून आपल्या पानावर आले, हें गूगलच्या सर्च कन्सोल या साधनानें विनामूल्य समजतें. तें दरमहा पाहून मजकूर सुधारावा. फळ दिसण्यास कांहीं महिने लागतात, तोंवर धीर सोडूं नये.

शेतकरी बंधूंनीं या हंगामापुरता एकच संकल्प करावा : कपाटांतील एक पुस्तिका काढावी, तींतील तीन प्रश्न निवडावे आणि त्यांचीं खरीं उत्तरें मांडावीं. खऱ्या माहितीवर विश्वास बसला, म्हणजे मालावरही बसतो.