एचआयव्हीचे कवच आणि घरातला वेगळा पेला



दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी स्वयंपाकघराच्या फळीवर एक पेला इतर भांड्यांपासून दूर, पालथा ठेवलेला असे. तो आमच्या एका नातेवाइकाचा. त्याला एचआयव्हीची लागण झाली होती. कोणी त्याला टाकून बोलले नाही, औषधपाण्याला पैसेही कमी पडू दिले नाहीत. पण पेला वेगळाच राहिला. हळूहळू त्याचे येणे कमी झाले आणि आम्हीही कारण विचारले नाही. त्या पेल्याला शास्त्राचा काही आधार होता का, एवढाच प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवतो. त्याचे उत्तर या विषाणूच्या पृष्ठभागावर मिळते.

एचआयव्हीचा कण मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. त्याचे बाहेरचे आवरण स्निग्ध पदार्थांचे आणि तेही उसने असते. ज्या पेशीत तो वाढला, तिच्याच आवरणाचा तुकडा पांघरून तो बाहेर पडतो. त्यामुळे त्याच्या अंगावर माणसाची काही प्रथिनेही आढळतात. त्याची स्वतःची म्हणावी अशी प्रथिने पृष्ठभागावर दोनच : बाहेर टोपीसारखे बसलेले जीपी १२० आणि आवरणात रुतलेला त्याचा देठ, जीपी ४१. यांतील आकडे प्रथिनाचे वजन सांगतात. जीपी म्हणजे साखरेचे रेणू जोडलेले प्रथिन. दोन्हींची तीन-तीन जुळून एक काटा तयार होतो. इन्फ्लुएन्झाच्या कणावर काटे शेकड्यांनी असतात. एचआयव्हीच्या कणावर सरासरी चौदाच्या आसपास.

हे मोजके काटे कुठेही रुतत नाहीत. रक्तातील काही पांढऱ्या पेशींवर सीडी ४ नावाचे प्रथिन असते. जीपी १२० आधी त्याला बिलगते. मग बहुधा सीसीआर ५ हे दुसरे प्रथिन लागते. दोन्ही कड्या निघाल्या की जीपी ४१ उसळून पेशीत रुतते, दोन आवरणे एकमेकांत मिसळतात आणि विषाणू आत शिरतो. आपल्या धडधाकट त्वचेच्या बाहेरच्या थरात मृत पेशी असतात. तिथे त्याला दार सापडत नाही. लागण होते ती रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला गर्भात, प्रसूतीत किंवा दुधातून. पेला, ताट, टॉवेल, एका पंगतीतले जेवण, पाठीवरचा हात यांतून ती होत नाही. ते उसने स्निग्ध आवरण तर साध्या साबणानेही विस्कटते.

लागण ओळखायलाही हीच प्रथिने उपयोगी पडतात. आपल्यासारखेच परभाषक प्रांतात स्थिरावलेले एक मराठी कुटुंब म्हणजे चेन्नईचे गायतोंडे. त्या घरच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी १९८६ मध्ये भारतातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधले. निर्मलांनी जमवलेल्या सुमारे दोनशे नमुन्यांपैकी सहांत लागण आढळली. अशा चाचण्यांत सहसा विषाणू शोधत नाहीत. त्याच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. आजच्या झटपट चाचण्यांतही पृष्ठभागावरच्या प्रथिनांचे तुकडे वापरलेले असतात. प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून धोका घडल्यावर लगेच केलेली चाचणी पुन्हा करावी लागते.

मग या काट्यांविरुद्ध लस का नाही? जीपी १२०च्या वजनाचा सुमारे निम्मा भाग साखरेचा असतो. ती साखर आपल्याच पेशीने जोडलेली, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना ती घरचीच वाटते. शिवाय उघडा राहिलेला भाग विषाणू सतत बदलतो. थायलंडमधील मोठ्या प्रयोगात २००९ मध्ये लसीने सुमारे ३१ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. त्याच धर्तीवरचा दक्षिण आफ्रिकेतील प्रयोग मात्र उपयोग दिसेना म्हणून २०२० मध्ये थांबवावा लागला. आपल्याकडे पुण्याच्या भोसरी येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. लसीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत तिचाही वाटा आहे.

लस नसली तरी औषधे आहेत. सरकारी केंद्रांतून ती २००४ पासून विनामूल्य मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. गरोदरपणी वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक बाळे लागणीपासून वाचतात. लागण झालेल्यांशी नोकरीत, शाळेत, रुग्णालयात भेदभाव करण्यास २०१७च्या कायद्याने बंदी आहे.

घरातल्या फळीपर्यंत मात्र कायदा पोहोचत नाही. तो पेला वेगळा ठेवण्याने आमच्यापैकी एकाचेही संरक्षण झाले नाही, कारण त्याच्यापासून धोका नव्हताच. त्यापायी आमचा माणूस दुरावला. आपल्या कुणाच्या घरी असा पेला असेल, तर आज घरी गेल्यावर तो इतर पेल्यांत मिसळून ठेवा आणि त्या माणसाला जेवायला बोलवा.