कोंबड्यांनाही ऊन लागते

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते. दवाखाना बंद करून जेवायला निघालो, तोच साठीच्या एका आजीबाईंना त्यांच्या मुलाने ऑटोतून आणले. तोंड कोरडे, नाडी जलद, रक्तदाब उतरलेला, उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी. सलाईन लावले. तासाभराने हुशारी आली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टरसाहेब, कोंबड्यायले बी ऊन लागते का जी?"

त्यांच्या चौदा कोंबड्यांपैकी नऊ त्या दुपारी मेल्या होत्या. उरलेल्या पाच वाचाव्यात म्हणून त्या भर उन्हात हातपंपावरून कळशा आणत राहिल्या आणि शेवटी स्वतःच कोसळल्या.

मला ओशाळल्यासारखे झाले. त्यांची नात फार अशक्त होती. 'तिला रोज एक अंडे द्या, विकत परवडत नसेल तर घरी कोंबड्या पाळा,' हा सल्ला दोन वर्षांपूर्वी मीच दिला होता. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, हे मी सांगितले. पण त्या कोंबड्या उन्हाळ्यात कुठे राहतील, हे विचारले नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन खुराडे पाहिले. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले, वर पत्रा आणि मुंगसाच्या भीतीने तिन्ही बाजूंनीही पत्रेच. सूर्य कलल्यावरही त्याला हात लावता येत नव्हता. पाण्याचे भांडे जर्मनचे, तेही उन्हात. नंतर एका पशुवैद्यक मित्राकडून सारे समजून घेतले. आपल्या विदर्भात नवतप्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून ते आधीच सांगतो.

कोंबडीला घाम येत नाही

आपल्याला घाम येतो, तो वाळताना अंग थंड होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते, वर अंगावर पिसांची गोधडी. त्यामुळे तुरा, गळ्याखालची लाल लोंबती कातडी आणि पाय यांतून ती उष्णता बाहेर टाकते. तेवढ्याने भागले नाही की पंख अंगापासून दूर धरते आणि चोच उघडी ठेवून धापा टाकते. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की या धापांवरच तिचा सारा भरवसा असतो आणि त्यात शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. धापांमुळे कार्बन डायऑक्साइड वायू जास्त बाहेर जातो, रक्तातील आम्लतेचा तोल बिघडतो आणि अंड्याचे कवच पातळ होते. पातळ कवचाची अंडी दिसू लागली तर ती उन्हाची पहिली सूचना समजावी.

काय करावे?

सावली सर्वांत महत्त्वाची. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली खुराडे असेल तर उत्तम. पत्रा असेल तर वर बाहेरून चुना मारावा आणि तुराट्या, पऱ्हाट्या किंवा धानाच्या तणसाचा जाड थर द्यावा. बाजूंना पत्र्याऐवजी बारीक जाळी लावावी, म्हणजे मुंगूसही येत नाही आणि वाराही खेळतो. पश्चिमेच्या बाजूला ओले पोते टांगावे, मात्र चारी बाजूंनी पोती लावून हवा कोंडू नये. कोंडलेल्या दमट हवेत धापांचा उपयोग होत नाही.

पाणी मातीच्या परळात, सावलीत ठेवावे. एरवी कोंबडी खाण्याच्या दुप्पट पाणी पिते, कडक उन्हात चौपटीपर्यंत जाते. म्हणून दोन-तीन परळ वेगवेगळ्या जागी ठेवावेत आणि दुपारी एकदा पाणी बदलावे. घरच्या अंदाजाने पाण्यात मीठ घालू नये, जास्त मीठ कोंबडीला विषासारखे बाधते. क्षारांची पूड पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, सांगितलेल्या प्रमाणातच वापरावी.

दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर टाकावा. अन्न पचताना शरीरात उष्णता तयार होते, तीत दुपारच्या उन्हाची भर नको. या दिवसांत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवू नये. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत.

कोंबडी मान टाकून पडली तर तिच्यामागे धावपळ न करता हळूच उचलून सावलीत आणावी. पाय साध्या गार पाण्यात ठेवावेत, तुरा आणि पंखांखालचा भाग ओला करावा, वारा घालावा. बर्फाचे पाणी वापरू नये. चोचीत पाणी ओतूही नये, ते श्वासनलिकेत जाते. चोचीला पाण्याचे बोट लावावे, शुद्धीवर आली की ती स्वतः पिते.

एक इशारा

आपोआप मेलेली कोंबडी कापून खाण्याचा मोह अनेकांना होतो. ती खाऊ नये, विकूही नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी आणि हात साबणाने धुवावेत. उन्हाने मरणाऱ्या कोंबड्या बहुधा दुपारनंतर धापा टाकत मरतात. पण गार वेळीही मरू लागल्या, माना वाकड्या झाल्या, हिरवी हगवण लागली किंवा डोके सुजून तुरा निळा पडला, तर ते ऊन नव्हे. मानमोडी किंवा बर्ड फ्लू असू शकतो. भारतात बर्ड फ्लू प्रथम सापडला तो २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

आणि माणसांसाठी एवढेच, की ही सारी कामे सकाळी दहाच्या आत उरकावीत. बारा ते चार उन्हात पाणी वाहू नये. कोणाचे अंग तापून बोलणे असंबद्ध होऊ लागले तर सावलीत आणून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

आजीबाईंनी यंदा होळीनंतर लगेच खुराडे कडुनिंबाखाली हलवले. मीही एक गोष्ट शिकलो. आता कोणाला घरची अंडी खायला सांगितली, की पुढचा प्रश्न विचारतो, "खुराड्यावर सावली आहे ना?"