विश्लेषण : माकड दोर चढले, तर पलीकडचे वजन वर जाते की खाली?

छताला टांगलेल्या कप्पीवरून दोर सोडला आहे. एका टोकाला १० किलोचे वजन, दुसऱ्या बाजूला दोराला लोंबकळणारे १० किलोचेच माकड. सगळे स्थिर. आता माकड दोर धरून वर चढू लागले, तर वजनाचे काय होईल?

हे कोडे ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’चे लेखक लुईस कॅरोल यांचे. ऑक्सफर्डमध्ये अनेक वर्षे गणित शिकवलेल्या कॅरोल यांनी १८९३ मध्ये ते तिथल्या जाणकारांपुढे ठेवले. प्राइस म्हणाले, वजन वाढत्या वेगाने वर जाईल. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक क्लिफ्टन म्हणाले, माकडाइतक्याच वेगाने वर जाईल. सॅम्प्सन यांचे उत्तर होते, खाली! चांगल्या गणितज्ञांतही इतके मतभेद असल्याचे आश्चर्य कॅरोल यांनी डायरीत नोंदवले.

बरोबर कोण?

क्लिफ्टन. अट एवढीच, की दोर आणि कप्पी वजनरहित असावी आणि कप्पीला घर्षण नसावे. मग दोरातला ताण दोन्हीकडे सारखाच राहतो. गुरुत्वाकर्षण दोघांनाही सुमारे ९८ न्यूटन बलाने खाली ओढते. माकडाने दोर १०८ न्यूटनने ओढला, तर दोरही माकडाला तितक्याच बलाने वर ओढतो. तोच ताण पलीकडच्या वजनावरही असतो. दोघांवर वरच्या दिशेने १० न्यूटन उरतात, त्वरणही सारखेच. माकडाने दोर सोडला, तर दोघे एकत्र खाली येतील.

मग गोंधळ कुठे?

आपल्या डोक्यात तराजू असतो. एक पारडे वर, तर दुसरे खाली. पण पारडे दोराला बांधलेले असते, माकड मात्र दोर मागे टाकत पुढे सरकते. जमिनीपासून एक मीटर वर जायला त्याला दोन मीटर दोर चढावा लागतो, कारण दोर एक मीटर त्याच्या बाजूला उतरलेला असतो. कप्पी जड असेल, तर वजन थोडे मागे पडते.

लिफ्टमध्ये काय होते?

तिथे दोर कुणी चढत नाही, मोटर कप्पीच फिरवते. त्यामुळे तराजूचाच नियम लागतो. केबिनच्या पलीकडे लोंबणारे काउंटरवेट साधारणपणे रिकामी केबिन अधिक क्षमतेच्या ४० ते ५० टक्के एवढे जड असते. ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ अशी पाटी असलेल्या लिफ्टमध्ये ५० टक्के धरले, तर चार जण आत असताना दोन्ही बाजू तुल्यबळ होतात. एकच जण असेल, तर काउंटरवेट सुमारे २०० किलोंनी भारी. अशा वेळी ब्रेक निकामी झाला, तर सिनेमात दाखवतात तशी लिफ्ट खाली कोसळत नाही. ती वेग घेत वर, शेवटच्या मजल्याकडे पळते.