उपाय की मलमपट्टी?
सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई व किया या कंपन्यांनी अमेरिकेतील सुमारे ३४ लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. एबीएस यंत्रणेत ब्रेकचे तेल झिरपून शॉर्टसर्किट होण्याचा, प्रसंगी उभ्या गाडीसही आग लागण्याचा संभव होता. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर ठेवा, असे मालकांना सांगण्यात आले. उपाय मात्र फ्यूज बदलण्याचा! नवा फ्यूज विद्युत्प्रवाहास आवर घालतो, हे खरे. परंतु त्याने गळती थांबत नाही. यंत्रणा बदलण्याचा खर्च कंपनीचा वाचतो, उरलेली जोखीम मालकाच्या पदरी पडते. उपाय निवडण्याचा अधिकार तेथील कायद्याने उत्पादकाकडेच ठेवला आहे. चूक करणाऱ्यानेच प्रायश्चित्त ठरवावयाचे असेल, तर ते स्वस्तच असणार.