मेंदूतल्या पाण्याची चाल

कंपवाताचा रुग्ण एमआरआय काढून येतो, घरातले घाईघाईने रिपोर्ट वाचतात, आणि त्यात बहुधा एवढंच असतं: मेंदू वयाच्या मानाने ठीक. हात थरथरतोय, पाय घासत चालतोय, सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली आहे, आणि फिल्मवर मात्र काहीच नाही. यात रेडिओलॉजिस्टची काही चूक नसते. मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. कंपवातात ज्यांच्यापासून हालचालींच्या बिघाडाला तोंड फुटतं, त्या मध्यमेंदूतल्या एका काळसर पट्ट्यातल्या जेमतेम काही लाख. हाताला कंप सुटेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात, तरी साध्या एमआरआयच्या करड्या चित्रात तिथे काही कमी झाल्यासारखं सहसा दिसत नाही.

मग पाहायचं कशाकडे? पाण्याकडे.

मेंदूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच आहे, आणि ते क्षणभरही स्वस्थ बसत नाही. 1827 साली रॉबर्ट ब्राऊनने परागकणांतले अतिसूक्ष्म कण पाण्यात आपोआप थरथरताना पाहिले. त्यांना कोण ढकलतंय याचा हिशेब आइन्स्टाइनने 1905 साली मांडला: पाण्याचे रेणू. शरीराच्या तापमानाला, अडवणारं कोणी नसेल, तर पाण्याचा रेणू सेकंदाच्या विसाव्या भागात एखाद्या दिशेने सरासरी 17 मायक्रॉन भरकटतो. साधारण एका पेशीची रुंदी तेवढीच! पेशी मोजायला निसर्गाने इतकी नेमकी मोजपट्टी पेशीतच ठेवावी, याला काय म्हणायचं?

ती वाचायची युक्ती तर आणखी भारी. एमआरआयच्या चुंबकात पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं एका ठेक्यात गिरक्या घेत असतात. डिफ्यूजन एमआरआयमध्ये त्यांना चुंबकीय क्षेत्राचा एक झटका असा देतात, की ज्याची जागा जिथे, त्यानुसार त्याचा ठेका पुढेमागे व्हावा. क्षणभर थांबून बरोबर उलटा झटका. जो रेणू जागचा हलला नाही, त्याची फिट्टंफाट होते आणि तो पुन्हा ठेक्यात येतो. जो मधल्या वेळात सरकला, त्याचा हिशेब जुळत नाही. असे बेताल रेणू जितके जास्त, तितका त्या जागचा सिग्नल फिका. आत झोपलेल्याला जी कानठळ्या बसवणारी ठकठक ऐकू येते, ती हे झटके देणाऱ्या वेटोळ्यांचीच. चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण 2 मिलिमीटरचा घन, पण तो किती फिका पडला यावरून मिलिमीटरच्या शंभराव्या भागातली हालचाल कळते. खरं सांगायचं तर पुढे येणाऱ्या एआयपेक्षा मला याचंच कौतुक जास्त वाटतं.

निरोगी मेंदूत पाण्याला मोकळी वाट मिळत नाही. रविवारी संध्याकाळी तुळशीबागेत शिरलेल्या माणसासारखी त्याची गत: दोन पावलं टाकली की कोणाला तरी धडक. पेशी मेल्या, त्यांचे तंतू विरळ झाले, की अडवणारे कमी होतात आणि पाणी ऐसपैस फिरू लागतं. प्रत्येक ठिपक्यातलं असं ‘मोकळं पाणी’ वेगळं काढून मोजायचं गणित ओफर पास्टरनाक आणि सहकाऱ्यांनी 2009 साली मांडलं. ते वापरल्यावर कंपवाताच्या रुग्णांच्या त्या काळ्या पट्ट्यात, विशेषतः मागच्या भागात, मोकळं पाणी वाढलेलं आढळलं.

इथे एक पेच आहे. कंपवातासारखे दिसणारे आणखी दोन आजार आहेत, पीएसपी आणि एमएसए. सुरुवातीला तिन्हींत हालचाल मंद, अंग ताठ. पुढे पीएसपीचा रुग्ण पाठीमागे पडू लागतो, नजर खाली नेता येईनाशी होते. एमएसएमध्ये उभं राहताच रक्तदाब घसरतो. हे दोन्ही कंपवातापेक्षा झपाट्याने वाढतात, आणि लेव्होडोपाच्या गोळ्यांनी त्यांत फारसा टिकाऊ आराम पडत नाही. मुरलेल्या तज्ज्ञांचंही कंपवाताचं निदान पाचांतल्या एकाच्या बाबतीत चुकतं, असं 2016 सालच्या एका आढाव्यात दिसलं होतं.

या दोन आजारांत मोकळं पाणी काळ्या पट्ट्यापुरतं राहत नाही, मेंदूत आणखी कितीतरी ठिकाणी वाढतं. तो नकाशा वाचायला फ्लोरिडा विद्यापीठातल्या डेव्हिड व्हॅलनकोर्ट यांच्या गटाने संगणकाला शिकवलं. त्यांनी वापरलेली पद्धत आजच्या चॅटबॉटसारखी अगडबंब नाही, गेल्या शतकातली आहे. मेंदूच्या ठरावीक जागांचे आकडे घ्यायचे, प्रत्येक रुग्ण म्हणजे त्या आकड्यांच्या अवकाशातला एक बिंदू मानायचा, आणि दोन आजारांच्या बिंदूंमधून दोन्हीकडे जास्तीत जास्त अंतर सुटेल अशी सीमा आखायची. कागदावर दोन आकड्यांची आलेखरेघ कोणीही मारील. डझनावारी आकडे एकदम आले की तिथे माणसाची नजर चालत नाही.

पण यंत्राला शिकवलं कोणी? डॉक्टरांच्याच निदानांनी. गुरुजींची उत्तरं पाचांत एकदा चुकत असतील, तर विद्यार्थी बरोबर की चूक हे ठरवायचं कशावरून? यावर एकच उपाय उरतो आणि तो मृत्यूनंतरचा: मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. 2025 साली अमेरिका आणि कॅनडातल्या 21 केंद्रांवरच्या 249 रुग्णांवर या यंत्राची परीक्षा झाली, आणि सोबत शवविच्छेदन झालेले 49 मेंदूही तपासले. त्यातल्या 46 मेंदूंबाबत यंत्राचं उत्तर बरोबर निघालं. आपला मेंदू दान करून गेलेली ती माणसं नसती, तर या आकड्याला काडीची किंमत नव्हती.

हे सगळे रुग्ण उत्तर अमेरिकेतले, हे विसरून चालणार नाही. नेमकी कुठली जागा मोजायची हे ठरवताना प्रत्येक मेंदू एका प्रमाण-नकाशावर बसवावा लागतो. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2019 साली भारतीय मेंदूंचा असा नकाशा केला, तेव्हा आपले मेंदू पाश्चात्त्यांपेक्षा सरासरीने आकाराने लहान निघाले. (बुद्धीशी याचा काही संबंध नाही, हे लगेच सांगितलेलं बरं.) इथल्या रुग्णांसाठी ही मोजमापं इथल्या मेंदूंवर पारखून घ्यावी लागतील. शिवाय यंत्राला विचारलेला प्रश्न अगदी अरुंद आहे: लक्षणं आहेत, तर तीनपैकी आजार कोणता? चष्मा कुठे ठेवला ते आठवेना म्हणून हा स्कॅन काढण्यात काही अर्थ नाही.

माझी उत्सुकता मात्र दुसरीकडे आहे. कंपवातात त्या काळ्या पट्ट्यातलं मोकळं पाणी वर्षागणिक वाढत जातं, आणि ती वाढ मोजता येते. आज नवं औषध आजाराला आवर घालतंय का, हे ठरवताना तज्ज्ञ रुग्णाला अंगठा आणि तर्जनी दहा वेळा जुळवायला लावतो आणि वेग पाहून गुण देतो. ते गुण सकाळच्या गोळीनेही बदलतात. पाण्याच्या मोजमापात तसा दिवसागणिक चढउतार नसेल, तर औषधाचा परिणाम कमी रुग्णांत आणि कमी वर्षांत पारखता येईल, अशी संशोधकांची आशा आहे.