मालमोटारीचे आसन : मऊपणापेक्षा माप महत्त्वाचे

अकोल्याहून निघालेली मालमोटार लांबच्या पल्ल्याला लागते ती मुख्यतः दोन वाटांनी. पूर्वेस संगमनेर गाठले की पुणे-नाशिक महामार्ग मिळतो. पश्चिमेस राजूर, बारी ही गावे मागे टाकीत कळसूबाईच्या पायथ्याजवळून घोटीस पोहोचले की मुंबई-आग्रा महामार्ग. प्रवरेच्या खोऱ्यातील टोमॅटो आणि कांदा याच वाटांनी दूरच्या बाजारपेठांत जातो. क्रेट कसे रचावेत, ताडपत्री कशी आवळावी, याची काळजी सर्वच घेतात. चालक ज्या आसनावर दिवसाचे आठ-दहा तास काढतो, त्याची चौकशी मात्र बहुधा कंबर धरल्यानंतरच होते.

यास काही इतिहास आहे. आपल्याकडे बराच काळ मालमोटार केवळ चासी म्हणून विकत घेतली जाई आणि केबिन गावोगावचे कारागीर बांधून देत. चालकाचे आसन म्हणजे फळीवर काथ्याचा वा फोमचा थर आणि त्यावर ताणलेले रेक्झिन. या कारागिरांचे कसब कमी नव्हते; परंतु आसन केबिनच्या मापाने होई, माणसाच्या मापाने नव्हे. आता कारखान्यातून तयार केबिन मिळते, आणि मध्यम व अवजड मालमोटारींच्या नव्या केबिन वातानुकूलित असाव्यात असा केंद्र शासनाचा नियम २०२५ पासून लागू झाला आहे. त्याने घाम थांबेल. हादरे थांबणार नाहीत.

हे हादरेच खरे दुखणे होय. बसलेल्या माणसाचे धड खालून येणाऱ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देते ते सेकंदाला सुमारे ४ ते ८ या गतीच्या कंपनांना. मालमोटारीच्या पाट्यांतून आणि चाकांतून येणारी कंपने याच्या आसपासचीच असतात. झोका योग्य क्षणी ढकलला की वाढत जातो, तसेच येथे घडते आणि त्याचा भार कमरेच्या मणक्यांमधील चकत्यांवर पडतो. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात या चकत्यांवरील दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा आधाराविना बसलेल्या माणसात तो उभ्या माणसापेक्षा अधिक आढळला. पुढील काळातील मोजमापांत हा फरक तितका दिसला नाही. मात्र पोक काढून पुढे झुकून बसल्यास दाब बराच वाढतो, याबद्दल दुमत नाही. युरोपीय संघाने तर २००२ मध्ये आठ तासांच्या कामासाठी शरीराला बसणाऱ्या कंपनांची कमाल मर्यादाच ठरवून दिली.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. आसन जितके मऊ तितके चांगले, असे मानून अनेकजण जुन्या गादीवर आणखी एक उशी टाकतात. साध्या फोमच्या गादीचे स्वतःचे कंपन सेकंदाला सुमारे ४ असते. म्हणजे ज्या हादऱ्यांपासून वाचायचे, तेच ती वाढवून देते. शिवाय उशीमुळे बैठक उंचावते, पाय अधांतरी होतात आणि कमरेचा पट्टा ओटीपोटावर सरकतो. बसताक्षणी सुखकर वाटणारी गादी तिसऱ्या तासाला तशी वाटतेच असे नाही.

याउलट, खाली स्प्रिंग किंवा हवेची पिशवी असलेले झुलते आसन सेकंदाला एक ते दोन इतक्या संथ गतीने हलते, म्हणून त्याहून जलद हादरे वर येईतो बरेच मंदावतात. हवेच्या ब्रेकमुळे मोठ्या गाडीत दाबाची हवा उपलब्ध असतेच; मात्र आसनासाठी ती घेण्याची जोडणी जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी, कारण प्रश्न ब्रेकचा आहे. स्प्रिंगच्या आसनावर चालकाच्या वजनाप्रमाणे फिरवावयाची कळ असते. ती ५५ किलोच्या चालकासाठी लावलेली असताना ८५ किलोचा चालक बसला, तर आसन खड्ड्यागणिक तळाला आपटते. मग त्या महागड्या आसनापेक्षा फळी बरी!

खरेदीपूर्वी आसनावर बसून पाहावे, आणि तेही निदान पंधरा मिनिटे. क्लच पूर्ण दाबताना कंबर पाठीच्या आधारापासून सुटू नये. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची पोटरी यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे. बुटक्या चालकाला खोल बैठक मिळाली तर तो आपोआप पुढे सरकून बसतो आणि पाठीचा आधार वाया जातो. परदेशी मापांवर बेतलेल्या आसनांत ही अडचण विशेष येते. भारतीयांच्या शरीरमापांचा देबकुमार चक्रवर्ती यांचा संग्रह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला, तो याच गरजेपोटी. पाठ किंचित मागे कललेली असावी, आणि फुगीर आधार कमरपट्ट्याच्या उंचीवर यावा, बरगड्यांवर नव्हे. मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवावे. तेवढ्यानेही बैठक एका बाजूला कलते.

लांबच्या फेरीत एकाच गाडीवर दोन चालक असतात. एक उंच, दुसरा ठेंगणा असल्यास आसन सहज पुढे-मागे व वर-खाली होणारे हवे, आणि पाळी बदलताना ते बदलून घेण्याची सवयही हवी. गाडीमालक आणि चालक निराळे असतात तेथे खरेदी मालक करतो व दुखणे चालकाच्या वाट्याला येते. म्हणून आसन घेतेवेळी चालकाला सोबत नेणे हेच शहाणपणाचे.

आसनाने सर्व काही साधत नाही. माल उतरवून रिकामी परतणारी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा अधिक उसळते. परतीच्या वाटेवर वेग आवरणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. टायरमधील हवा आणि पाट्यांची अवस्थाही पाहावी. मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. कमरेच्या दृष्टीने त्याहून लवकर, दर दोन तासांनी, खाली उतरून चार पावले चालणे हितकर. आणि मुक्कामी पोहोचताच क्रेट उतरविण्यास हात घालू नये. हादऱ्यांनी थकलेल्या पाठीला ओझे उचलण्यापूर्वी दहा मिनिटांची उसंत लागते. तेवढ्यात ताडपत्रीचे दोर सोडून होतात.